नाडीचा ताळा

सिल्लोडच्या बाजारात मक्याची आवक सुरू झाली की अडत दुकानदाराला श्वास घेण्यास सवड उरत नाही. वयाची पासष्टी ओलांडलेल्या एका शेठजींना अशाच एका हंगामात माडीचा जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा घरात कोणालाच त्यात विशेष वाटले नाही. दगदग आहे, वय आहे, झोप अपुरी आहे. कारणे तयारच होती.

खरा संशय शेठजींना स्वतःला आला तो सामायिकात. ४८ मिनिटे निश्चल बसण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. एका पहाटे त्या शांततेत छातीत पाखराने पंख झटकावेत तशी फडफड त्यांना जाणवली. काही वेळाने ती थांबली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पित्त असेल म्हणून त्यांनी ओवा चघळला. अखेर दवाखान्यात गेले, तोवर फडफड ओसरली होती. ई.सी.जी. निर्दोष निघाला आणि शेठजी निश्चिंत झाले.

येथेच घोटाळा होता. ज्या यंत्राबद्दल आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते ई.सी.जी. यंत्र मोठे गुणी खरे. पण नेहमीची पट्टी टिपते ती जेमतेम दहा सेकंदांची हकीकत. येऊन-जाऊन असणारा दोष त्या दहा सेकंदांत हजर असेलच असे नाही. रोजमेळात पाच रुपयांचा फरक पडला तर रात्री उशिरापर्यंत वह्या चाळणाऱ्या शेठजींनी हा फरक मात्र तब्बल चार महिने तसाच पुढे ओढला.

तो उघडकीस आणला सूनबाईंनी. घरातल्या रक्तदाबाच्या यंत्रावर नाडी अनियमित असल्याचे चिन्ह तिला दिसले. तिने सासऱ्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे ठेवली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे फसवते. शांत बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात; पण तिला खटकली ती संख्या नव्हे, चाल. दोन ठोके जवळ, मग खंड, मग तीन घाईत. पुढचा ठोका केव्हा येईल याचा अंदाजच बांधता येईना.

“बाबूजी, आत्ताच्या आत्ता चला,” ती म्हणाली.

“दुकान उघडू दे, मग पाहू.”

“दुकान भाऊजी उघडतील. हे थांबायच्या आत कागदावर यायला हवं.”

त्या दिवशीच्या पट्टीवर दोष स्पष्ट उमटला : एट्रियल फिब्रिलेशन. पुढील तपासण्यांसाठी त्यांना सुमारे ६५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला नेण्यात आले. तेथे डॉक्टरांनी समजावून सांगितले. हृदयाचे वरचे दोन कप्पे एकलयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तेथे रेंगाळते, गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. या विकारात तो धोका सुमारे पाचपट होतो. कित्येकांना धडधड जाणवतच नाही; नुसता थकवा, धाप किंवा चक्कर असते. उलट, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे पुष्कळांना होते व बहुधा ते निरुपद्रवी असते. म्हणून भिऊन जाण्याचे कारण नाही, मात्र तपासून घेण्याचे आहे. ई.सी.जी.त न सापडणारा दोष पकडण्यासाठी २४ तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र असते. पण धडधडीबरोबर छातीत दुखले, शुद्ध हरपली, अथवा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तपासणीची तारीख पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरात निराळाच प्रश्न उभा राहिला. शेठजींचा चौविहार. गोळी दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि नवकारसी सकाळी आठच्या सुमारास. बारा तास जुळणार कसे? बरीच मंडळी अशा वेळी काही न विचारता रात्रीची गोळी गाळतात. हे फार घातक, कारण गोळीचा परिणाम काही तासांतच उतरतो. शेठजींनी डॉक्टरांना स्पष्ट विचारले. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्याही असतात, त्यांतल्या काही जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात. हे कळल्यावर दुपारच्या जेवणाबरोबर एक, असे ठरले. गोळीऐवजी ॲस्पिरिन चालेल का, हेही त्यांनी विचारले. चालत नाही.

मग पर्युषण. अठ्ठाईचा त्यांचा संकल्प होता. अनेक दिवसांच्या उपवासाने अंगातील पाणी व क्षार कमी होतात आणि हृदयाची लय पुन्हा बिघडू शकते. शिवाय उपाशीपोटी ती गोळीही पुरेशी लागू पडत नाही. डॉक्टरांनी नकार दिला. शेठजी दोन दिवस अबोल होते. मग महाराज साहेबांकडे गेले, औषधाची चिठ्ठी पुढे ठेवली आणि दुपारी आहार व गोळी घेता येईल असे एकासणाचे पचक्खाण घेऊन परतले.

यंदा दिवाळीत वहीपूजनाला जमलेल्या भावंडांची नाडी त्यांनी एकेक करून मोजली. धाकट्याची मोजताना ते एक मिनिटावर थांबले नाहीत. पुन्हा घड्याळाकडे पाहिले आणि आणखी एक मिनिट मोजत राहिले.