आमच्या बाथरूमची काळी भिंत

आम्ही दोघी जावा. मुंब्र्याजवळ कौशाला तिसऱ्या मजल्यावर राहतो. अम्मी, आमच्या दोघींचे नवरे, चार मुले असा नऊ माणसांचा संसार आणि बाथरूम एकच. फज्रच्या वजूपासून इशापर्यंत तिथली फरशी कोरडी अशी राहतच नाही.

दरवर्षी पाऊस लागला की बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर, छताला लागून काळे ठिपके उठायचे. पंधरा दिवसांत त्यांचा डाग व्हायचा. बाथरूम घासायची आमची आठवड्याची पाळी ठरलेली. थोरली म्हणायची, धाकटीचा हात हलका. धाकटी म्हणायची, थोरलीच्या आठवड्यात वरची भिंत राहून जाते. अम्मी कोणाचे नाव घ्यायच्या नाहीत. एवढेच म्हणायच्या, "गावच्या मोरीत मी असा डाग कधी पाहिला नाही." ते आम्हा दोघींना लागायचे. पाकीला आपल्याकडे इतके महत्त्व, आणि आपल्याच घरात वजूच्या जागी काळी भिंत!

मागच्या जुलैत ननंदेच्या मुलीची मंगनी ठरली. पाहुणे आमच्याकडे उतरणार होते. दोन दिवस आधी आम्ही दोघी एकदमच बाथरूममध्ये शिरलो. धाकटीने भिंतीवर ब्लीच मारले. त्याच वेळी थोरलीने फरशीवर आणि कोपऱ्यात संडास धुवायचे अॅसिडवाले क्लीनर ओतले. दोन औषधे मिळून काम दुप्पट होईल, असा आमचा हिशेब. भिंतीवरचे ब्लीच ओघळून खाली आले आणि क्षणात घसा आवळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आम्ही खोकत बाहेर पडलो, पण वास शेजारच्या खोलीत पोचला होता. तिथे अम्मी झोपल्या होत्या. अम्मींना दम्याचा त्रास आहे.

त्यांना धरून गॅलरीत आणले, मुलांना खाली पाठवले, घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. अम्मींचा श्वास आत जाईना. रिक्षाने दवाखान्यात नेले, नेब्युलायझर लावला. दीड तासाने त्या बोलल्या तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. अल्लाहचे शुक्र.

डॉक्टरांनी आधी विचारले, काय काय ओतले? मग त्यांनी समजावले. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि संडासच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिड. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममध्ये सैनिकांवर सोडला होता. ब्लीचमध्ये सिरका घातला तरी क्लोरीनच सुटतो, आणि अमोनिया असलेले काच पुसायचे औषध मिसळले तर दुसरा विषारी वायू तयार होतो. निघताना ते म्हणाले, "डाग घासाल हो, पण भिंत ओली का राहते ते बघितले का?"

ते आम्ही कधीच बघितले नव्हते. घरी येऊन वर पाहिले तर छताजवळच्या झरोक्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकलेला. समोर नवी इमारत उभी राहिली, तिच्या खिडक्या थेट आमच्या बाथरूमसमोर आल्या. पर्द्यासाठी आम्हीच तो झरोका बंद करून घेतला होता. आठवून पाहिले, तर डाग त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात सुरू झाले होते! गावची मोरी परसात, वरून उघडी. वारा येई, ऊन येई. डाग धरणार कुठून?

बुरशी ही मळाची नव्हे, ओलीची असते. गरम पाण्याची वाफ गार भिंतीवर बसते, बाहेर जायला वाट नसते. भिंत एक-दोन दिवस ओली राहिली तरी बुरशीला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शन काढले, त्यातही घरातली ओल दम्याला त्रासाची असल्याचे सांगितले आहे. म्हणजे अम्मींचा पावसाळ्यातला खोकला आणि आमची भिंत यांचेही नाते असू शकते.

प्लायवूड काढले. त्या जागी धुरकट काचेच्या तिरक्या पट्ट्या आणि छोटा एक्झॉस्ट फॅन बसवला, बटण बाहेर. पर्दाही राहिला, वाराही आला.

डागांसाठी आता आम्ही पांढरा सिरका पाणी न घालता फवाऱ्याने मारतो, तासभर ठेवतो, ब्रशने घासतो, धुऊन कोरड्या फडक्याने पुसतो. मात्र संगमरवरावर सिरका मारू नये, दगड खराब होतो. टाइल्समधल्या रेघांना खाण्याच्या सोड्याचा लगदा लावतो. अम्मींमुळे ब्लीच पुन्हा आणले नाही. ज्यांना वापरायचे असेल त्यांनी चार लिटर पाण्यात एक कपापेक्षा जास्त घेऊ नये, हातमोजे घालावेत, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि त्यात दुसरे काहीही मिसळू नये. गिलाव्याच्या आत शिरलेली बुरशी नुसत्या ब्लीचने जात नाही. तिथे पोपडे खरवडून, भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या पावसात सुटतो.

आता घरात एक नियम आहे. शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंतीवर आणि फरशीवर वायपर फिरवायचा, फॅन थोडा वेळ चालू ठेवायचा, बादल्या पालथ्या घालायच्या. मुले आणि पुरुषही त्यातून सुटलेले नाहीत. ओले कपडे आत वाळत घालणे बंद.

यंदा ऑगस्टमध्ये कोपऱ्यात पुन्हा दोन ठिपके दिसले. थोरलीने सिरका मारला, धाकटीने पुसले. पाळी कोणाची होती, हे कोणी विचारले नाही. वाचक भगिनींनो, तुमच्याकडेही भिंत काळी पडत असेल, तर घरातल्या सुनेला बोल लावण्याआधी एकदा झरोक्याकडे नजर टाका.