सगळ्या टेस्ट हिरव्या

युनिट टेस्ट, इंटिग्रेशन टेस्ट, सिस्टिम टेस्ट, यूएटी. ही नावं मला नोकरीच्या मुलाखतीतच पाठ होती. फरक विचारला की मी घडाघडा सांगायचे: आधी एकेक फंक्शन तपासायचं, मग दोन भाग जोडून, मग अख्खी सिस्टिम आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. उत्तर बरोबर होतं. त्यातून मी मनाशी काढलेला अर्थ तेवढा चुकीचा होता. खालचं पक्कं असलं की वरचं निभावून जातं, असं मी धरून चालले होते.

त्यात टेस्टचा पिरॅमिड हाताशी होता. माइक कोन यांच्या २००९ सालच्या पुस्तकामुळे तो घरोघरी पोचला. तळाला भरपूर युनिट टेस्ट, मध्ये थोड्या, टोकाला अगदी मोजक्या. टोक लहान असावं म्हणजे नसलं तरी चालेल, असं मी वाचलं. मुदत जवळ आली की माणूस आपल्या सोयीचं वाचतो.

काम एका पतसंस्थेचं होतं. जुनं डॉसवरचं सॉफ्टवेअर काढून ब्राउझरवर चालणारं नवं बसवायचं. पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पैसे गोळा करतात, हातातल्या मशीनवर पावती देतात आणि संध्याकाळी शाखेत येऊन मशीन रिकामं करतात. मशीनमधून एक फाइल निघते, ती आमची सिस्टिम वाचते आणि खातेदारांच्या नावावर भरणा जमा होतो. ही फाइल वाचणारा भाग माझा. मशीन दुसऱ्या कंपनीचं होतं. त्यांच्या कागदावर तारखेच्या रकान्यापुढे एवढंच लिहिलेलं: दहा अक्षरं.

मी नमुन्याची फाइल हातानेच टाइप केली. तारीख टाकली ०५-०५. का, तर पटकन टाइप होते म्हणून. मशीन आधी दिवस लिहीत होतं आणि मग महिना. माझा कोड आधी महिना वाचत होता आणि मग दिवस. पाच मे उलटा वाचला तरी पाच मेच. टेस्ट हिरवी. कव्हरेजचा आकडा असा की मी तो टीमच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर दाखवला होता. कव्हरेज फक्त कोडची कुठली ओळ चालून गेली ते सांगतं. त्या ओळीत काय घालून पाहिलं, हा प्रश्न त्याच्या हद्दीत येत नाही.

गो-लाइव्ह तीन जूनला झालं. संध्याकाळी एजंटांची गर्दी ओसरल्यावर कॅशिअरकाकांनी रोजकीर्द काढली, तर पिग्मीच्या पुढे शून्य. ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, पैसे पेटीत आहेत, पुस्तकात नाहीत.’

फाइल चढलीच नसणार, असं म्हणून मी ती पुन्हा चढवली. एकच फाइल दोनदा जमा होऊ नये म्हणून मी राखण ठेवली होती आणि तिचीही टेस्ट हिरवी होती. पण ती बघत होती आजच्या तारखेला भरणा जमा आहे का ते. आजच्या तारखेला काहीच नव्हतं, म्हणून तिने दार उघडून दिलं. सगळा भरणा दोनदा जमा झाला होता, पण सहा मार्चला. मार्च म्हणजे मागचं आर्थिक वर्ष. ताळेबंद छापून झालेला, पुस्तकं लेखापरीक्षकाकडे गेलेली, आणि आमच्या सिस्टिमने त्या मिटलेल्या वर्षात बिनबोभाट नोंदी घातल्या होत्या. वर व्याजाचं फंक्शन, ज्याच्यावर माझ्या सगळ्यात जास्त टेस्ट होत्या, ते जवळजवळ तीन महिन्यांचं जादा व्याज पैशापर्यंत बिनचूक काढत होतं.

प्रत्येक तुकडा आपापल्या जागी खरा होता. मुलाची पत्रिका पाहिली, मुलीची पाहिली, दोन्ही उत्तम. गुण जुळतात का ते बघायचं तेवढं राहिलं. खऱ्या मशीनमधून निघालेली एक फाइल, तीही महिन्याच्या बारा तारखेनंतरची, मागवून घेतली असती तरी पुरे होतं. कारण तेरावा महिना नसतो. कोडने तिथेच हात टेकले असते.

पुढे एरियन ५ चा चौकशी अहवाल वाचला. ४ जून १९९६ ला हे युरोपी रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुटल्यापासून चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वर नीट चाललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावेना. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. आणि ज्या भागात हा आकडा फुगला, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. पण मी थांबले ते दुसऱ्या वाक्यांवर: पूर्ण सिस्टिमच्या चाचणीत ती खरी यंत्रणा नव्या रॉकेटच्या मार्गाच्या आकड्यांनिशी जोडून पाहिलीच नव्हती. जुन्यावर चाललेलं आहे, हा भरवसा. तो मला ओळखीचा वाटला.

यूएटीची गोष्ट आणखी लाजिरवाणी आहे, कारण तिथे तांत्रिक असं काहीच नव्हतं. यूएटी म्हणजे आमच्या लेखी सही घेण्याचा कार्यक्रम. चेअरमन, मॅनेजर, चहा, बिस्किटं, मी माउसने क्लिक करत फॉर्म दाखवतेय आणि सगळे ‘छान, छान’ म्हणताहेत. ज्यांना ते रोज वापरायचं होतं ते कॅशिअरकाका तेव्हा बाहेर काउंटरवर होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जायचं. त्यांचा उजवा हात कायम आकड्यांच्या पट्टीवर, करंगळी एंटरजवळ, नजर नोटांवर. आमच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे सबमिट. खातं नंबर, एंटर, आणि शून्य रुपयांचं व्हाउचर तयार. पहिल्या तासाभरात अशा व्हाउचरांची चळत जमली.

दुरुस्ती सोपी वाटली म्हणून मी ती सगळ्या पानांना एकदमच लावली आणि काउंटरचा फॉर्म तेवढा तपासला. रिग्रेशनला, म्हणजे आधीचं सगळं पुन्हा तपासायला, वेळ कुठे होता! दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडली आणि लॉगिनच होईना. पासवर्ड टाकून सगळे एंटर दाबत होते आणि कर्सर पुन्हा नावाच्या रकान्यात जाऊन बसत होता.

आता आमच्या नमुना फाइलमध्ये ३१ जानेवारी आहे, २९ फेब्रुवारी आहे, उद्याची तारीख आहे, एक बंद वर्षातली नोंदही आहे. मशीनची खरी फाइल दर रिलीजला चालते. यूएटीला कॅशिअरकाका बसतात आणि मी माउसला हात लावत नाही. मागच्या खेपेला त्यांनी सही केली नाही. पासबुक छापताना मधल्या घडीवर एक ओळ येते आणि रक्कम वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी प्रिंट प्रिव्ह्यू दाखवला. त्यांनी पासबुक दाखवलं. तो बग माझ्या नावावर अजून उघडा आहे.