लकव्यानंतरचं चालणं

लकवा झालेला माणूस काठी टेकत दारापर्यंत आला की आमच्या तुमसरमध्ये लोक म्हणतात, "झालं जी, काकाजी बरे झाले." माझ्या बाबांनाही तेच ऐकायला मिळालं. पाठोपाठ सल्लाही आला, "चालनं सुरू झालं नं, मंग आता गोळ्या कायले खाता?"

बाबांचं आयुष्य राईस मिलच्या हिशेबात, बैठकीवर गेलं. दोन्ही वेळा भात, सोबत लाखोळीचं वरण. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांची उजवी बाजू गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा बाबा अडखळत म्हणाले, "साहेब, मी तं तूपही खात नाही. मंग हे आलं कुठून?" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कोलेस्ट्रॉल मुख्यतः यकृतच तयार करतं. रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, ती जास्तीच्या भाता-साखरेतूनही वाढते. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हाला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

व्यायाम हात-पाय परत मिळवण्यासाठी, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याचं दुसरं काम सांगितलं. लकव्यानंतर माणूस बसून राहतो, स्नायू झिजतात, साखर आणि चरबी वापरायला शरीरात कोणी उरत नाही. चालणारा स्नायू रक्तातली चरबी ओढून घेतो.

मग दिवसाचा क्रम बसला. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून उजाडताच बाहेर पडायचं. धानाच्या हंगामात बाजार समितीकडे ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा मागच्या गल्लीतून जायचं. पावसात ओसरीतच फेऱ्या. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याची एक पायरी चढणं-उतरणं. आधी रक्तदाब मोजायचा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. उजव्या पायातली चप्पल सारखी निसटायची. मागे पट्टा असलेली सँडल आणली आणि बाबांची भीती निम्मी गेली. काही दिवस थकवा इतका यायचा की ते अर्ध्यातच थांबत. मेंदूच्या आजारानंतरचा थकवा खरा असतो, त्याला आळस म्हणणं अन्याय आहे.

पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड चांगलंच उतरलं, चांगलं कोलेस्ट्रॉल थोडं वाढलं. वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, मात्र उतरलं ते मुख्यतः स्टॅटिनच्या गोळीने. बाबांसारख्या रुग्णात ते ७० च्या खाली ठेवायचं असतं आणि नुसत्या चालण्याने तिथवर क्वचितच पोचता येतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लकवा होऊन गेलेल्यांना एटोर्व्हास्टॅटिन दिल्यावर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटतं, हे २००६ मध्येच एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला आम्ही मानला नाही.

तुमच्या घरी लकव्यातून उठलेलं कोणी असेल तर मालिश, कबुतराचं रक्त यांवर पैसा घालवू नका. लिपिडची तपासणी करा, त्यांच्यासोबत रोज चाला, आणि माणूस चालू लागला म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.