सर, पुरवणी!

"कुठल्या चादरीचं डिझाईन काढूलालीस गं?"

शेजारच्या मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्या टेबलावरच्या ग्राफ पेपरवर बोट ठेवलं. मी एका भुयाराचा नकाशा काढत होते. चौदा खोल्या, तीन जिने, एक विहीर आणि त्या विहिरीत... जाऊ दे, ते सांगितलं तर खेळण्यात मजा नाही.

"चादर नाही हो मामा, गेम आहे."

"असू दे की. पण बॉर्डर जुळंना झालीय बघ."

ही २०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

आधी माझी ओळख. वय २९, सोलापूर विद्यापीठातून मास कम्युनिकेशन, व्यवसाय फ्रीलान्स पत्रकार. ('फ्री' म्हणजे फुकट का, हा जोक नको. आईनेच मारून झालाय, आणि ती जोक मारत नव्हती.) दिवसा मी महापालिकेचं पाणी, कांद्याचे भाव आणि नव्या कॅफेची उद्घाटनं यावर लिहिते. रात्री मी प्रकाशक असते. शाळेपासूनची एक मैत्रीण माझी पार्टनर. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडते आणि रात्री दहाला लॅपटॉपसकट आमच्या घरी हजर! दोघी मिळून आम्ही फँटसी रोल-प्लेइंग गेम्सची सप्लिमेंट्स काढतो. कंपनीचं नाव सांगत नाही, संपादक म्हणतील फुकटात जाहिरात करून घेतली.

सप्लिमेंट म्हणजे मराठीत पुरवणी. पेपरमध्येही मी पुरवणीतच लिहिते. आणि शाळेत परीक्षेच्या पहिल्या तासाभरात "सर, पुरवणी!" म्हणून हात वर करणारी ती आगाऊ मुलगीही मीच. थोडक्यात, आयुष्यभर मूळ पुस्तक दुसऱ्याचं आणि पुरवणी माझी.

तर हा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही तटाच्या दाराशी उभे आहात, आतून धूर येतोय. काय करणार?" कुणी म्हणतं, दार फोडते. कुणी म्हणतं, आधी पहारेकऱ्याला तंबाखू देतो. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना स्क्रीन, ना बॅटरी, ना शेवटी कुणी एकटा जिंकत. नियमांचं मूळ पुस्तक मोठ्या कंपनीचं असतं. पण दर शनिवारी नवं भुयार, नवं गाव, नवी भुतं आणायची कुठून? तिथे आमच्यासारख्यांचं दुकान. पाठ्यपुस्तक बालभारतीचं आणि गाइड दुसऱ्याचं, तसं समजा.

हा धंदा मुळातच घरगुती आहे. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या हजारच प्रती होत्या आणि खोकी भरण्याचं काम गायगॅक्सच्या घरी चालायचं. गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा, आपल्या अक्कलकोटहूनही लहान. दोनच वर्षांत इलिनॉय राज्यातल्या डेकेटर गावात बॉब ब्लेडसॉ यांनी 'जजेस गिल्ड' सुरू केली. दुसऱ्याच्या खेळासाठी नकाशे आणि पुरवण्या छापायच्या, हाच उद्योग. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आईने विचारलं, "त्यांना पगार होता का?" गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी १९७०मध्ये गेली होती आणि नंतर तो बूट दुरुस्त करून घर चालवत होता, हे मात्र मी गिळलं. माझ्यासाठी स्थळं बघणं तेव्हा जोरात चालू होतं.

आमची पहिली पुरवणी २०२१च्या लॉकडाऊनमधली. २४ पानं, इंग्रजी, पीडीएफ. त्यात बर्फ होता, ओकच्या झाडांचं जंगल होतं, बिअर पिणारे बुटके होते. आम्ही दोघींनी तोवर बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलेला! वर्षभरात १९ प्रती गेल्या, त्यातल्या चार नातेवाइकांनी आमची दया येऊन घेतलेल्या. पोलंडच्या एका गिऱ्हाइकाने मात्र मेल पाठवली. म्हणाला, प्रकाशकाचा पत्ता सोलापूर बघून कुतूहलाने घेतली, पण आत सोलापूर कुठे आहे?

खरंच लाज वाटली.

मग दुसरी पुरवणी इथलीच करायची ठरवली. भुईकोट किल्ला तर घरापासून वीस मिनिटांवर. दुहेरी तट, खंदक, शेजारी सिद्धेश्वर तलाव. भुयारासाठी आणखी काय पाहिजे? आणि गोष्ट अशी, की गिरणी बंद होऊन वर्षं झालीत, तरी रात्री तिसऱ्या पाळीचा भोंगा वाजतो. तो ऐकून जी माणसं उठून कामावर जातात, ती सकाळी परत येत नाहीत. हे सुचायला फार डोकं लागलं नाही. माझे आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावरही ते कितीतरी दिवस पाळीच्या वेळेला उठायचे आणि डबा भर म्हणायचे. आजी भरायची. ते चौकापर्यंत जाऊन बसायचे आणि दुपारी डबा खाऊन घरी यायचे.

पहिल्या खर्ड्यात आम्ही जोशात सिद्धेश्वर महाराजांनाही घेतलं होतं. बाराव्या शतकातले शिवयोगी, तलाव खोदवणारे, शहराभोवती ६८ लिंगं स्थापणारे... म्हणजे ६८ लोकेशन्स रेडीमेड! बॉस, असा नकाशा जगात कुणाकडे असेल? आजीला वाचून दाखवलं. हिट पॉइंट्सला मराठीत आम्ही 'दम' म्हणतो. फटका बसला की दम कमी, दम संपला की खेळाडू आडवा. आजीने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग महाराजांना किती दम दिलास?"

आमच्याकडे आकडा तयार होता. तो तोंडातून बाहेर आला नाही. नंतर बघितलं तर १९८०च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या अमेरिकन पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू सगळ्यांना हिट पॉइंट्स देऊन ठेवलेत. दूरच्या माणसाला ते जमत असेल. ज्या गावात संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून माणसं नंदीध्वज पेलतात, तिथे राहून मला जमेना. महाराज आणि ६८ लिंगं, सगळं काढलं. नऊ पानं गेली. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते तोच भाग सगळ्यात जास्त विकला गेला असता. बरोबरही असेल तिचं.

बदल्यात आजीने एक गोष्ट दिली. गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना बसवून आम्ही मराठीत टेस्ट गेम घेतला. भोंगा वाजला. पोरांनी तलवारी काढल्या, मशाली पेटवल्या, एकाने भोंग्यावरच हल्ला केला आणि दम घालवून बसला. आजी शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "मी तर डबा भरून देईन, नि बाहेरून कडी लावीन." सगळे गप्प. आता पुरवणीत त्या भोंग्यातून सुटायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो तलवारीचा नाही.

आता मामांकडे. मामा सख्खे नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात गरज पडली तर कन्नड, म्हणजे अस्सल सोलापुरी. तीस वर्षं चादरींच्या कारखान्यात डिझाईन काढलं. जकार्डचं डिझाईन ग्राफ पेपरवरच करतात. ग्राफवरची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. भरलेल्या चौकोनाला कार्डात भोक पाडायचं, मग मागावर तिथला उभा धागा उचलला जातो. आमच्या नकाशात एक चौकोन म्हणजे पाच फूट, मामांच्या नकाशात एक चौकोन म्हणजे एक धागा. बाकी फरक काय? कारखान्यात डिझाईन कॉम्प्युटरवर गेलं तेव्हापासून मामांकडे वेळच वेळ होता. "आण इकडं," म्हणाले आणि पेन्सिल घेऊन बसले.

दोन महिन्यांत अकरा नकाशे. भुयाराच्या डाव्या कडेला दार असेल तर उजव्या कडेलाही त्याच ओळीत दार. वरच्या कडेला जिना, तर खालीही बरोबर तिथेच. मी म्हटलं, मामा, हे कशाला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोळीला दोन बाजू कशाला विचारलं. "डिझाईन रिपीट होतं गं. कडेला कड जुळली नाही तर चादरीत फट दिसती." मी दोन नकाशे शेजारी ठेवले. जुळले. अकराच्या अकरा एकमेकांना कसेही जुळत होते! असे जुळणारे तुकडे या खेळात १९७०च्या दशकापासून आहेत, हे मला नंतर कळलं. मामांना ते कुणी सांगायची गरजच नव्हती.

छापायची तयारी झाली आणि २०२३चा जानेवारी आला.

इथे चूक आमची. मूळ खेळाच्या मालक कंपनीने २००० साली 'ओपन गेम लायसन्स' काढलं होतं. त्यानुसार गाभ्याचे नियम कुणीही वापरावेत, फक्त लायसन्सचा मजकूर आपल्या पुस्तकात छापावा. आम्ही तो शेवटच्या पानावर छापत होतो. वाचला मात्र नव्हता. मोबाईलवर 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, तसं. ५ जानेवारीला नव्या लायसन्सचा मसुदा फुटल्याची बातमी आली. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा असेल तर वरच्या रकमेतले २५ टक्के द्या, म्हणे. आम्हाला हसू फुटलं. आमची आजवरची कमाई दोन हजार रुपयांच्या आत! पुढची ओळ वाचली आणि हसू गेलं. जुनं लायसन्स यापुढे मान्य नाही, असंही त्यात होतं.

आमचे ३८ हजार अडकले होते. मुखपृष्ठ, चित्रं, मराठी आवृत्तीचा कागद. माझी सगळी बचत त्यात. आणि मामांचे अकरा नकाशे, ज्यांचा आम्ही एक रुपयाही दिला नव्हता. विकल्यावर वाटा देऊ म्हणालो होतो.

गड्ड्याची यात्रा भरली होती. होम मैदानावर पाळण्यांच्या गोंगाटात आम्ही दोघी भांडलो. तिचं म्हणणं सरळ होतं. नोटीस आली तर? तिच्या डोक्यावर फ्लॅटचं लोन होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनं लायसन्स नऊशे शब्दांच्याही आतलं, नवा मसुदा नऊ हजारांच्या वर. ते नऊ हजार शब्द मी मोबाईलवर भजी खात वाचत होते. त्या रात्री मी बंद करायचं ठरवलं, खरंच.

दुसऱ्या दिवशी मामांना सांगायला गेले. अमेरिका, लायसन्स, मसुदा, सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "माझं कमळाचं डिझाईन बाहेरगावी कुणीतरी उतरवलं. त्याच्यावर सोलापुरी म्हणून शिक्का मारून इथंच नव्या पेठेत विकूलालते. मी हातात घेऊन बघितली की." मग? "मग काय! रंग बरा नव्हता."

२७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जगभरच्या खेळाडूंनी सबस्क्रिप्शन रद्द करकरून पुरता गदारोळ केला होता. जुनं लायसन्स कायम राहिलं, शिवाय गाभ्याचे चारशे पानी नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुले झाले. या वेळी आम्ही वाचलं. दोघींनी, ओळ न् ओळ, चहाच्या तीन फेऱ्या करून.

मार्चमध्ये मराठी आवृत्ती प्रेसला गेली, लग्नपत्रिकांच्या दोन ऑर्डरींच्या मध्ये. प्रूफ घेऊन मामांकडे गेले. पहिल्या पानावर 'नकाशे' आणि पुढे त्यांचं नाव. तीस वर्षांत त्यांच्या एकाही चादरीवर त्यांचं नाव नव्हतं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि पेन मागितलं. आपल्या नावाखाली आणखी एक नाव लिहिलं. "हा कार्डं पाडायचा. मी नुसतं रंगवायचो. एक भोक चुकलं तर अख्खी चादर वाया." तो माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती. प्रेसवाल्याने नव्या प्लेटचे साडेतीनशे रुपये जास्त लावले. दिले.

आजीने मात्र आपलं नाव घालू दिलं नाही. "लोक विचारतील, म्हातारी काय भुताचे खेळ करती का?"

इंग्रजी पीडीएफच्या आजवर ३४० प्रती गेल्यात. वेबसाईट आपला साधारण एकतृतीयांश वाटा कापून घेते. मराठी शंभर छापल्या, ६१ गेल्या, बाकी माझ्या पलंगाखाली आहेत. पोलंडच्या त्या गिऱ्हाइकाने अकरा नकाशांचे प्रिंट काढून जमिनीवर जोडले आणि फोटो पाठवला. त्याची खोली संपली, भुयार संपलं नाही. हा फोटो मामांच्या टीव्हीवर लावलाय.

गेल्या महिन्यात मामांना यंदाचा वाटा द्यायला गेले. ४,२०० रुपये. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावूनच त्यांनी नोटा मोजल्या. "म्हणजे चादरी किती झाल्या? आठ. साध्या घेतल्या तर दहा." नोटा उशीखाली गेल्या. मग मला म्हणाले, "पुढच्याला खोल्या किती धरल्यास?"

"सोळा."

"सोळा नको. बारा घे, नाहीतर चोवीस. जुळायला बरं पडतंय."