आमच्या गच्चीवरची टिटवी

हिवाळ्यात बडोद्याला कोणी पाहुणे आले, की आम्ही त्यांना वढवाण्याचा तलाव दाखवायला नेतो. डभोई तालुक्यातलं हे तळं बडोदे संस्थानानं १९१०च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलं. २०२१मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. थंडीत तिथे हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. पाहुणे दुर्बीण लावून हंस बघतात. माझ्या सासूबाई मात्र बंधाऱ्यावरून एकदाच खाली बघतात आणि म्हणतात, "मेली इथेही आहेच!"

'मेली' म्हणजे टिटवी.

तिला बघायला खरं तर कुठेच जावं लागत नाही. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही वाघोडिया रोडकडे राहायला आलो, तेव्हा शेजारचा प्लॉट मोकळा होता. अजूनही आहे. तिथे एक जोडी कायम असते. काळं डोकं, काळी छाती, तपकिरी पाठ, लांब पिवळे पाय आणि डोळ्यापुढे लाल कातडी. नर-मादी दिसायला सारखेच. पक्षी पाणथळीचा, पण किडे मिळाले की शेत, क्रिकेटचं मैदान, बांधकामाची खडी, काहीही चालतं. झाडावर मात्र बसत नाही. मागचं बोट इतकं छोटं, की फांदी धरताच येत नाही. राहणं, झोपणं, अंडी घालणं सगळं उघड्यावर. म्हणून कोणी जवळ आलं की आरडाओरडा, आणि तोही दिवसा-रात्री कधीही.

ही रात्रीची हाक सासूबाईंना नको असते. टिटवी ओरडली की वाईट बातमी येते, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या. सहा वर्षांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास माझे सासरे, नाना, गेले, तेव्हा ती खरोखरच ओरडत होती. तेव्हापासून हाक आली की आई उठून बसतात आणि रामरक्षा म्हणतात.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले, तर टिटवी थेट माझ्या डोक्यावरून झेपावली. वॉटरप्रूफिंगसाठी आणलेल्या कपचीच्या ढिगाशेजारी चार अंडी होती. घरटं असं काही नाहीच, नुसते खडे जरा बाजूला सारलेले. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके. नजर हटली की पुन्हा शोधावी लागत.

कारागीर दोन दिवसांनी यायचे होते. आई म्हणाल्या, "काढा ती. घरावर टिटवी नको." समोरच्या गुजराती मासींना कळलं, तर त्या आनंदानं धावत आल्या. "टिटोडीनं उंचावर इंडां दिलीत! यंदा वरसाद सारो!" चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, हा त्यांचा हिशोब. विश्वामित्रीचे पूर पाहिलेल्या बडोदेकरांना तोही शुभ वाटेलच असं नाही! एकाच पक्ष्याचे एका गल्लीत दोन अर्थ.

पंचतंत्रात टिटवीची अंडी समुद्रानं नेली. इथे समुद्राच्या जागी आम्ही होतो. शेवटी ह्यांनी काम पुढे ढकललं. पाऊस लवकर आला तर छत गळेल, असं कंत्राटदारानं बजावलं.

पुढचे चार आठवडे मी जिन्याच्या दाराच्या फटीतून बघत होते. भर दुपारी एक पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राही. दुसरा टाकीच्या गळक्या नळाखाली पोटाची पिसं भिजवून येई आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसे. मी हे सांगितलं, तर गुडघे दुखत असूनही आई एकदा वर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तो नळ एवढ्यात दुरुस्त करू नका."

रात्री हाक आली की मीही खिडकीशी जाऊ लागले. दर वेळी काहीतरी कारण असायचंच. कधी कुत्रं, कधी वॉचमन, कधी उशिरा आलेली रिक्षा. आईंना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या.

"त्या रात्री आपण सगळे दिवे लावले होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची गाडी आली. माणसं प्लॉटमधून धावत आली."

"हो."

"म्हणजे ती आपल्याला भिऊन ओरडत होती."

मेअखेरीस तीन पिल्लं निघाली, चौथं अंडं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप प्लॉटमधून हाका मारू लागले आणि पावसाचं पाणी जायला कठड्यात ठेवलेल्या भोकातून पिल्लांनी एकामागून एक खाली उड्या टाकल्या. कापसासारखी हलकी, पडली आणि धावू लागली. पाऊस सुरू होईपर्यंत त्यातली दोनच दिसत होती.

वॉटरप्रूफिंग घाईत उरकलं. एक कोपरा अजून गळतो, तिथे पावसाळ्यात बादली ठेवतो. मासी म्हणतात, बघा, सांगितलं नव्हतं?

टिटवी रात्री अजूनही ओरडते आणि आई अजूनही जाग्या होतात. पण आता त्या मला हाक मारतात, "अगं, बघ जरा, बाहेर कोण आलंय."