हिशेबाबाहेरचं

भाजी घेऊन झाली, पैसे दिले, सुटे मोजून घेतले, आपण निघालो. आणि तेवढ्यात भाजीवाली मावशी पिशवीचं तोंड पुन्हा उघडून कढीपत्त्याची एक डहाळी आत टाकते. तिचे पैसे ती धरत नाही आणि आपणही विचारत नाही. घरी येऊन पिशवी रिकामी करायला घेतली की पहिला वास त्या डहाळीचाच येतो. माझी सगळी नोकरी बँकेत आकडे जुळवण्यात गेली. म्हणूनच की काय, कुठल्याच खात्यावर न मांडलेलं असं काही हाती आलं की मला त्याचं फार अप्रूप वाटतं. रोजच्या जगण्यातले लहान आनंद बहुधा असेच येतात. ठरलेलं काम मन लावून पार पाडावं आणि त्यावर कुणीतरी काहीतरी चिमूटभर घालावं, तसे.

लोकांना वाटतं, बँकेतल्या कामात कसला आलाय आनंद? पण संगणक येण्याआधीच्या काळात ज्यांनी हाताने लेजरं लिहिली, त्यांना विचारा. एकेका खात्याची शिल्लक उतरवून काढायची, लांबच लांब बेरजा मारायच्या आणि शेवटचा आकडा जनरल लेजरशी ताडून पाहायचा. याला आम्ही बॅलन्सिंग म्हणायचो. पहिल्या फटक्यात ते क्वचितच जुळायचं. मग फरक शोधायचा. जुन्या मंडळींनी त्याच्या खुणा शिकवून ठेवल्या होत्या. फरकाला ९ ने भाग गेला, तर आधी कुठे अंक उलटसुलट पडलेत का ते बघायचं. ५७२ च्या जागी कुणी ५२७ लिहिले की फरक येतो ४५ चा. शेजारशेजारचे दोन अंक जागा बदलतात, तेव्हा आकडा नेहमी नवाच्या पटीतच कमीजास्त होतो. भाग गेला नाही, तर फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. नावे पडायची ती जमेला पडली असली, तर फरक दुप्पट होऊन येतो.

एकीने आकडे वाचायचे, दुसरीने पेन्सिलने खूण करत जायची. बाहेर शटर निम्मं खाली आलेलं, वर पंख्याची घरघर. पानं उलटत जायची, आवाज बसत जायचा, आणि मग एका पानावर पेन्सिल थांबायची. पाचाच्या पुढे दोन आणि सात. अगदी निरागसपणे, वळणदार अक्षरात लिहिलेले. ‘सापडला!’ म्हटलं की पलीकडच्या काउंटरवरची माणसंही उठून बघायला यायची. त्या पाच मिनिटांत सगळ्या शाखेला जो हुरूप यायचा, तो पगाराच्या दिवशीही येत नसे. ज्याच्या हातून चूक झाली, त्याला कुणी बोललेलंही मला आठवत नाही. सापडल्याचा आनंद एवढा मोठा असायचा की चूक कुणाची, हे विचारायचंच राहून जाई.

घरी परतताना लोकलच्या लेडीज डब्यात असंच काहीतरी पदरात पडायचं. थंडीच्या दिवसांत दादरला मटार घ्यायचा आणि डोंबिवली येईपर्यंत मांडीवर पिशवी ठेवून सोलत बसायचं, हा आमच्यातल्या कितीतरी जणींचा शिरस्ता होता. अशाच एका संध्याकाळी समोर बसलेल्या अनोळखी बाई माझ्याकडे बघत होत्या. कुर्ला गेल्यावर त्यांनी सरळ हात पुढे केला. म्हणाल्या, ‘‘द्या इकडे मूठभर. नुसतं बसून काय करायचं?’’ मी काही बोलायच्या आतच त्यांनी शेंगा ओंजळीत घेतल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा चलाख होता. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती फट्कन उकलायची आणि दाणे ओळीने घरंगळत पिशवीत. मधेच एखादी कोवळी शेंग त्या माझ्यासमोर धरायच्या, ‘‘ही खाऊन टाका, ही भाजीत घालायची नाही.’’ मुलुंडला त्या उतरल्या. मी त्यांचं नाव विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. त्या रात्री मटार उसळ नेहमीसारखीच झाली होती, पण मी ती मोठ्या थाटात वाढली.

घरातल्या कामांत मला सगळ्यांत प्रिय आहे ते तूप कढवणं. साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, नुसता फेस. मग थोडं गार पाणी घातलं की रवीचा आवाज एकदम बदलतो, जड होतो आणि इतका वेळ कुठेच न दिसणारं लोणी कणाकणाने वर येतं. हा क्षण किती वेळा पाहिला तरी जुना होत नाही. लोणी स्वच्छ धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं आणि तिथून हलायचं नाही. आधी ते पांढरं खदखदतं, मग तडतडू लागतं. ही तडतड लोण्यातल्या पाण्याची. पाणी उडून गेलं की आवाज विरतो, बुडबुडे बारीक होतात आणि तूप नितळ, सोनेरी दिसू लागतं. हीच खरी वेळ. एखादं विड्याचं पान टाकायचं, ते कुरकुरीत झालं की गॅस बंद. थोडी घाई केली तर तूप कच्चं राहतं, थोडं लक्ष उडालं तर करपतं. म्हणून माझी आई कान तुपाकडे ठेवूनच बाकीची कामं करायची.

तूप गाळून झालं की पातेल्यात उरते ती बेरी. लोण्यातली दुधाची प्रथिनं आणि साखर तापून तांबूस होतात, तीच ही खमंग बेरी. पोळीच्या कडेला आणि भाजलेल्या दाण्याला जो खमंगपणा येतो, तोही याच क्रियेचा. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती प्रथम वर्णन केली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आमच्या घरात तिला नाव नव्हतं, नंबर होते; आज पातेलं कुणाच्या वाट्याला, ते ठरलेलं असायचं. गरम पातेल्यात चमचाभर साखर आणि पोळीचा तुकडा घालून ते पुसून काढायचं. तूप वर्षभराच्या हिशेबात मोजलं जायचं, बेरी कधीच नाही.

निवृत्तीनंतर दुपारी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवायची सवय लागली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, म्हणजे तिने आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना सोबत केली आहे. मोबाइलवर हवं ते गाणं हव्या त्या क्षणी मिळतं, मी लावतेही. पण रेडिओवर पुढचं गाणं कोणतं, ते आपल्याला ठाऊक नसतं. हात कणकेत असतात, बंद करायला किंवा आवाज वाढवायला जाता येत नाही आणि वीसेक वर्षांत न ऐकलेलं गाणं अचानक सुरू होतं. आपण विसरलो होतो हेसुद्धा विसरलेलो असतो, तरी ओठांवर पुढची ओळ हजर असते.

आणि गुलबक्षी. नोकरीत असताना मी ती फुललेली पाहायची, उमलताना नाही. कारण ती उमलते दुपारी चारच्या सुमारास आणि चारला मी घरी नसे. एकदा अर्धा दिवस रजा पडली, तेव्हा पायरीवर बसून पाहिलं. ऊन कलतं झालं आणि कळीचा पीळ हळूच सुटला. तासाभरात एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांच्या रेघा ओढलेली फुलं. ते झाड आमच्यापैकी कुणीच लावलेलं नव्हतं. तिचं मिऱ्याएवढं काळं बी कुठूनतरी आलं, पडलं आणि रुजलं.

या सगळ्यावरून कष्ट गोडच असतात, असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत एकटीने राबणाऱ्या बाईला लोणी वर आल्याचं कौतुक वाटायला मनात थोडी जागा शिल्लक असावी लागते. माझ्या आईच्या वाट्याला तूप कढवणं आलं, बेरी फारशी आली नाही. ती आम्ही खाल्ली. लहान आनंदांना पैसे लागत नाहीत हे खरं, पण फुरसत लागते, आणि घरातली फुरसत सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. ती वाटून घेता येते. त्यासाठी मोठे बेत करावे लागत नाहीत, लोकलमधल्या त्या बाईंसारखं हात पुढे करणं पुरतं. आज घरात कुणी मेथी निवडत, लसूण सोलत बसलं असेल, तर ‘मदत करू का’ असं विचारू नका. शेजारी बसा आणि मूठभर आपल्याकडे ओढून घ्या.