खड्यांचे माहेर

कावीळ उतरली, कळ थांबली आणि आम्हांस वाटले, सुटलो. ईआरसीपी करताना तोंडावाटे दुर्बीण आत घालून डॉक्टरांनी पित्तनलिकेच्या मुखाशी छोटासा छेद दिला होता आणि अडकलेले खडे ओढून आतड्यात सोडले होते. आता काहीच दुखत नसताना पित्ताशय काढायचे, हे पटेना. घरातून कुळथाच्या कढणाची शिफारस आलीच होती.

शल्यचिकित्सकांनी वाद घातला नाही. सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवला. नलिका मोकळी होती, पित्ताशयात मात्र खड्यांची रास तशीच. पित्त करते यकृत. पित्ताशय हा नुसता साठवणीचा रांजण, आणि खडे धरतात ते तिथेच. बर्लिनच्या लांगेनबुखने १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढले, ते हेच ओळखून. पुन्हा एखादा खडा घसरला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह. आणि तो दाह जिवावरही बेततो. आम्ही मुकाट्याने सही केली.

आमच्या आत्याच्या बरगडीखाली याच शस्त्रक्रियेचा वीतभर व्रण होता. मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्याच्या कितीतरी आधीची ती गोष्ट. आमच्या वाट्याला चार छिद्रे आली आणि दुसऱ्या दिवशी घर.

दुखला तो खांदा! पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे म्हणे. खडे बाटलीत घालून दिले आहेत. मोजले, सतरा भरले. कढणाची शिफारस करणाऱ्यांना आम्ही ते आवर्जून दाखवतो.